बेलोशच्या नावाचे गहू

१

पहिली घंटा झाली की मी चर्चच्या डाव्या कोनाड्यातल्या मेजापाशी उभा राहतो. समोर पाव, हातात लहान सुरी, शेजारी स्मरणवही. वहीत दोन पाने महत्त्वाची: एक जिवंतांचे, एक गेलेल्यांचे. नाव वाचायचे, सुरीच्या टोकाने पावाचा एक कण काढायचा आणि तबकात ठेवायचा. जिवंतांची ओळ वर, गेलेल्यांची खाली. एकोणीस वर्षे हे काम माझ्याकडे आहे. मठातले बाकीचे लोक म्हणतात की गेर्वासियेच्या, म्हणजे माझ्या, वाचनात नाव चुकत नाही. मी सालोनिकीला शिकलो, पवित्र डोंगरावरच्या ग्रीक मठांत नऊ वर्षे ग्रंथ उतरवले, ग्रीक कायद्याची पुस्तके मला तोंडपाठ होती. तेव्हा लोकांचे म्हणणे मीही खरे धरून चाललो.

शनिवार हा गेलेल्यांचा वार. त्या दिवशी मेजावर गव्हांचा वाडगाही असतो. गहू उकडून, कुटून, मध घालून पाखोमिये तो भरतो, वर अक्रोडाची भुकटी पसरतो आणि पळीच्या पाठीने असा सारखा करतो की त्यावर बोट ठेवायचा धीर होऊ नये. गहू फक्त मेलेल्यांसाठी शिजतात. जिवंत माणसाच्या नावाने ते कोणी शिजवत नाही. कोणी शिजवले तर काय होते, हेही मी कधी कोणाला विचारलेले नव्हते.

पेंटेकॉस्ट हा ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण; त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी वाडग्यात चार खळगे दिसले. शेजारी शेजारी, बोटांच्या पेराएवढे.

पाखोमिये आमचा कोठीवाला. जाडा, तोंडाळ, मनाचा बरा. त्याला मी बोलावून घेतले.

"हात घातलास यात?"

"मी? पंडितबुवा, मला चाखायचं असलं तर पातेलं आहे की. मेलेल्यांच्या ताटात कशाला हात घालू?"

"मग हे काय आहे?"

तो वाकून बघत राहिला. "उंदीर म्हणावा तर पाय भारी मोठे." मग पळीची पाठ त्याने पुन्हा एकदा फिरवली. "झालं. आता वाचा. मेलेले काही तक्रार करत नाहीत, हाच एक त्यांचा गुण."

मी वाचले. चार खळग्यांतला शेवटचा, अगदी कडेचा, इतरांपेक्षा खूपच आखूड होता. हे मला तेव्हाच दिसले होते. मी ते मनावर घेतले नाही.

२

गेलेल्यांच्या पानावर एक नाव नवीन होते. बेलोश.

राजा ह्रानिस्लावला दोन मुले. थोरला बेलोश, धाकटा व्लादोये. दोघेही माझ्या हाताखाली अक्षरे शिकले. अकरा वर्षांपूर्वी बेलोशने बापाविरुद्ध घोडे जमवल्याचे सिद्ध झाले, निदान तसे ठरवण्यात आले, आणि त्याचे डोळे काढून त्याला सरोवरातल्या बेटावरच्या मठात ठेवले. इथून तो बारा दिवसांचा रस्ता आहे. तिथले मठाधिपती वर्षातून दोनदा मला दोन ओळी पाठवत: जिवंत आहे, जेवतो, बोलत नाही. त्या दोन ओळींच्या आधारावर मी त्याचे नाव वरच्या ओळीत वाचत असे.

मागल्या वर्षी राजा वारला. व्लादोये गादीवर आला आणि त्याने निरोप धाडला की वर्षश्राद्धाच्या आत चर्चच्या ओसरीत सगळे कुटुंब भिंतीवर आले पाहिजे: हातात चर्चची प्रतिकृती धरलेले वडील, आई, तो स्वतः. थोरला भाऊ मेलेला असेल तर तोही.

आमचे मठाधिपती निकोन यांनी मला बोलावले. "जिवंत बेलोश भिंतीवर काढला तर नव्या महाराजांना झोप येणार नाही. मेलेला काढला तर भावाची माया दिसेल. तुम्हाला त्याची खबर असते. काय आहे तो?"

"बाबा, यंदाचं पत्र आलेलं नाही."

"मी पत्राचं विचारलं नाही."

त्या वसंतात मिठाचे घोडे घेऊन एक माणूस सरोवराकडून आला होता. दारात पाणी पिता पिता तो म्हणाला होता, तो आंधळा ना, तो उपासाच्या दिवसांत आटोपला म्हणतात. म्हणतात. एवढेच. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आलो की ऐकीव गोष्टीला साक्षीची किंमत नसते.

"गेला," मी निकोनबाबांना म्हणालो.

का म्हणालो, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. बाबांना उत्तर हवे होते, हे खरेच. पण रोज सकाळी ते नाव वरच्या ओळीत वाचताना सुरी पावात अडायची, हेही खरे. खालच्या ओळीत ते सोपे जाईल असे मला वाटले. पेंटेकॉस्टच्या आधीचा शनिवार, सगळ्या गेलेल्यांचा मोठा शनिवार, त्या दिवशी मी वरच्या पानावरचे नाव खोडले आणि खालच्या पानावर लिहिले. पाखोमियेने बेलोशच्या नावाने गहू शिजवले. आम्ही सगळ्यांनी एकेक चमचा खाल्ला. चांगले झाले होते.

३

चितारी समुद्रकाठचा, कोटोरचा. दमियान त्याचे नाव. भिंतीवर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच ओला गिलावा तो लावायचा आणि गिलावा वाळायच्या आत चेहरा पुरा करायचा. चेहऱ्यांबद्दल विचारायला तो मला परांचीखाली उभे करी, कारण त्या कुटुंबाला जवळून पाहिलेला मठात मी एकटाच होतो.

"आजोबा, राणी कालिनाचं नाक कसं होतं?"

"सरळ."

"सगळ्या राण्यांचं सरळच असतं. मला खरं सांगा, मी कोणाला सांगत नाही."

"थोडं डावीकडे होतं."

"मग सरळच काढतो," तो म्हणाला आणि हसला.

राजा झाला, राणी झाली, व्लादोये झाला. बेलोशचा दिवस उजाडला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते. दमियानने पहाटे गिलावा लावला होता आणि तो खाली न्याहारीला गेला होता. मी ओसरीत आलो, तर तो परत येऊन कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत उभा.

"आजोबा, तुम्हाला माझ्यावर राग आहे का?"

"मला? का बरं?"

"मग चढला कोण वर?"

ओल्या गिलाव्यावर, जिथे चेहरा येणार होता तिथे, बोटांच्या खुणा होत्या. ओरखडे नव्हते. कपाळापासून खाली, गालावरून, हनुवटीपाशी वळून पुन्हा वर. कोणीतरी हलक्या हाताने चेहरा चाचपावा तशा. फक्त तिथे चेहरा अजून नव्हता.

"शिडी मी खाली काढून ठेवली होती," दमियान म्हणाला. "ही बघा, अजून आडवीच आहे. तुमच्या मठात उंच माणसं फार दिसतायत." त्याने थापी घेतली. खुणा पुसताना तो थांबला. "आणि या बाबाची करंगळी तुटकी आहे. डावी. तुमच्यात कोण आहे तसा?"

"कोणी नाही," मी म्हणालो. ते खरे होते. आमच्यात कोणी नव्हते.

४

बेलोश सात वर्षांचा असताना त्याच्या डाव्या करंगळीचे टोक शाळेच्या खोलीच्या दारात सापडून तुटले. दार मी लावले होते. वारा येत होता, पाने उडत होती आणि मी मागे न बघता दार ओढले. तो रडला नाही. नंतर पाटीवर हात ठेवताना तो ती करंगळी नेहमी आत दुमडून घेई. मला ती दिसू नये म्हणून, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट लिहायला मला वेळ लागतो.

बेलोशच्या निवाड्यासाठी राजाने मला मठातून बोलावून घेतले, पण रात्रभराचाही अवधी दिला नाही. सगळे सरदार बसलेले असताना त्याने विचारले, "गेर्वासिये, ग्रीकांचा कायदा काय म्हणतो? पोटच्या मुलाचं काय करायचं?" मी पुस्तक उघडले आणि वाचले: द्रोह्याला मरण. राजाचा चेहरा असा झाला की मी पुढची ओळही वाचली: मरणाऐवजी दृष्टी घेणे, ही दया होय.

"दया म्हटलंय तिथं?"

"हो, महाराज."

"तुमच्या डोळ्यांना दिसतंय ना नीट?"

"दिसतंय, महाराज."

ती ओळ पुस्तकात आहे. पण ती मजकुरात आहे की समासात, याची आता मला खात्री नाही. सालोनिकीत शिकत असताना मी माझ्या पुस्तकांच्या समासात टिपणे लिहीत असे. अक्षर गुरूंसारखेच काढायची सवय होती. चार वर्षांनी माझे मलाच वेगळे ओळखता येत नसे. ते पुस्तक राजवाड्यात राहिले. मी ते परत मागितले नाही. मागितले असते तर उघडून बघावे लागले असते.

दारात उभा असलेला बेलोश वाचन संपेपर्यंत माझ्याकडे बघत होता. नेताना तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, ओळ पुन्हा एकदा वाचा."

मी वाचली नाही. त्याला न्यायची घाई होती.

५

उन्हाळ्यात, सेंट पीटरच्या सणानंतर, सरोवराकडचे पत्र आले. मी ते खिडकीपाशी उभा राहून वाचले, मग बसून वाचले.

बेटावरच्या मठाधिपतींनी उशिराबद्दल क्षमा मागितली होती. वसंतात निघालेला निरोप्या घाटातल्या बर्फामुळे परत फिरला होता. पुढे लिहिले होते: तुमचा बेलोश जिवंत आहे. पण पेंटेकॉस्टच्या आधीच्या शनिवारपासून त्याने अन्नाला हात लावलेला नाही. पुढे केले तर म्हणतो, घरच्यांनी जेवू घातले आहे. गहू होते म्हणतो, मध जास्त होता. अकरा वर्षांत तो प्रथमच बोलला, म्हणून आम्हाला आधी आनंद झाला. अंग गार आहे. श्वास चालतो. दिवसभर अंथरुणावर बसून हात पुढे करतो आणि हवेत काहीतरी चाचपतो. भिंत आहे म्हणतो. इथे त्याच्यासमोर भिंत नाही, खिडकी आहे. असे किती दिवस चालायचे, तुम्ही विद्वान आहात, कळवावे.

मी पत्र निकोनबाबांकडे नेले. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि मेणबत्तीवर धरले.

"भिंत झाली का?"

"बाबा, तो जिवंत आहे."

"भिंत झाली का, विचारतोय."

"झाली. डोळे पुरे होऊनही तीन दिवस झाले."

"मग तो मेलाय. महाराजांना कळवून झालंय, महाराजांचं रडून झालंय. आता मेलेला माणूस उठवायचा तर दोनच रस्ते आहेत. एक देवाचा. दुसरा असा, की बेटावर चार माणसं जातील आणि तुमचं वाचन बरोबर करून येतील. हवंय तसं?"

मी पत्राची राख तळहातावर गोळा केली.

"जा. वही आहे तशी राहू द्या."

पाखोमियेला मात्र मी सांगितले. कोणाला तरी सांगणे भाग होते. तो घेवड्याच्या शेंगा निवडत होता.

"मध जास्त झाला होता खरा," तो म्हणाला. त्याच्या तोंडून त्या दिवशी दुसरी थट्टा निघाली नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाप केले, किंवा पाप निस्तरले. मला ठरवता येत नाही. वहीला हात लावला नाही. पण जिवंतांची नावे संपली तेव्हा शेवटी मी हळूच म्हणालो, "बेलोश." पावाचा कण काढला आणि वरच्या ओळीत ठेवला. सुरी अडली नाही. त्या वर्षात प्रथमच मला हलके वाटले. एखाद्या माणसाला त्याच्या जागेवर परत बसवावे तसे.

उपासना संपवून मी ओसरीत आलो. ऊन दारातून आत तिरपे आले होते. परांची उतरवलेली, दमियान बाहेर रंगाची भांडी धूत होता. त्याची शीळ ऐकू येत होती. हे सगळे मुद्दाम लिहितो. अंधार नव्हता, मी उपाशी नव्हतो, तापही नव्हता.

भिंतीपाशी कोणीतरी माझ्याकडे पाठ करून उभे होते. मळक्या लोकरीचा झगा, अनवाणी पाय. दोन्ही हात भिंतीवर. आधी राजाच्या चेहऱ्यावरून ते हात फिरले, सावकाश, दाढीपर्यंत. मग राणीच्या. तिथे फार वेळ. नाकापाशी बोटे थांबली, पुन्हा फिरली. सरळ नाक त्यांना पटले नसावे. व्लादोयेवरून ते भरभर गेले. मग चौथ्या चेहऱ्यापाशी आले. कपाळ, गाल, हनुवटी. मग डोळे. भिंतीवरच्या त्या डोळ्यांवर बोटे टेकली आणि तशीच राहिली.

मी श्वास सोडला असावा. त्याने मान वळवायला सुरुवात केली.

मी पाहिले नाही. खरे सांगायचे तर पाहू शकलो असतो. मी डोळे मिटले. अनवाणी पावले फरशीवरून आली, घाई नसलेली. मग गार, किंचित दमट बोटे माझ्या कपाळावर टेकली. गालावरून उतरली, हनुवटीला वळसा घालून वर आली. शाळेत अक्षरे गिरवायला शिकवावे तशी. पापण्यांवर येऊन थांबली. डाव्या हाताचे शेवटचे बोट आखूड होते.

"बेलोश," मी म्हणालो, "ती ओळ..."

"आजोबा?" हा आवाज दमियानचा. "असे डोळे मिटून काय उभे? आणि तुम्हाला चुना कोणी लावला?"

मी डोळे उघडले. ओसरीत आम्ही दोघेच होतो. दमियान हसत जवळ आला आणि मग त्याचे हसू गेले. त्याने झग्याच्या टोकाने माझ्या पापण्या पुसल्या.

"हात लावू नका. डोळ्यांत गेला तर जाळतो. आमच्यातला एक म्हातारा त्यानंच आंधळा झाला." तो बोटावरचा चुना बघत होता. "पण हा ओला आहे. मी चार दिवसांत गिलावा कालवलेला नाही."

७

दुसरे पत्र चौदा दिवसांनी आले. बेलोश गेला होता. तारीख दिली होती. माझ्या त्या सकाळचीच. पहिल्या घंटेच्या सुमारास, लिहिले होते, त्याने हात खाली घेतले, "बोलावतायत," म्हणाला आणि आडवा झाला. शांतपणे गेला.

म्हणजे तो जिवंत असताना मी त्याला मेलेल्यांत वाचले, आणि तो मरत होता तेव्हा जिवंतांत बोलावले. एका माणसाच्या बाबतीत एवढी चूक करायला माझ्याइतके शिकावे लागते.

आता त्याला खाली वाचावे, तर गहू त्याने आधीच खाल्ले आहेत; दुसऱ्यांदा जेवू घातल्याने कोणी पुन्हा जातो का, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. वर वाचायला धीर होत नाही. तीन आठवडे मी रोज सकाळी तो कण चिमटीत धरतो आणि शेवटी तबकाबाहेर ठेवतो. आणि रोज सकाळी उठल्यावर पापण्या चिकटलेल्या असतात, पाण्याने सोडवाव्या लागतात, ओंजळीत पांढरे पाणी उरते. भिंत केव्हाच वाळली आहे. दमियान घरी गेला. जाताना त्याने मला एरंडेल दिले आणि म्हणाला, "आजोबा, नुसता चुनाच आहे हो." तो चांगला माणूस आहे. चुनाच असेल. लेखणीचे टोक मला आता दोन दिसतात. पहाटे पापण्यांवर टेकणारी ती बोटे रोज थोडी जास्त दाबतात.

काल मी कोठीत गेलो. "उद्या शनिवार. एका नावाचे गहू जास्त शिजव."

"कोणाच्या?"

"माझ्या."

पाखोमियेने पळी खाली ठेवली. "पंडितबुवा, तुम्ही माझ्यासमोर उभे आहात."

"तोही बेटावर बसलेलाच होता."

"मी नाही शिजवणार."

"मग मी शिजवतो. मध मात्र जास्त होईल."

मग पाठ फिरवून त्याने गव्हांचे पोते ओढले. त्याचे खांदे हलत होते. मला वाटते तो रडत होता. एवढ्या लांबून मला नीट दिसले नाही.

नाव मी वहीत लिहिले आहे, गेलेल्यांच्या पानावर, बेलोशच्या खाली. मी त्याला सोबत द्यायला चाललो आहे, असे स्वतःला सांगतो. ती ओळ त्याला पुन्हा वाचून दाखवायला. पण असेही असेल की मला या पाठशाळेतून सुटायचे आहे, आणि तो मला जिथे शोधतो तिथे मी नसावे, एवढेच हवे आहे. दोन्हींतले खरे कोणते, ते त्याला चाचपून कळेल.

पाखोमिये आत्ताच वाडगा ठेवून गेला. जाताना म्हणाला की आज वरचा थर सारखा आहे, कुठे खूण नाही. माझ्या बोटांनाही तो सारखाच लागला.

पहिली घंटा झाली. खिडकीतून ऊन वहीवर आलेले आहे; मधल्या दोन बोटांना ऊब लागते, त्यावरून मला ते कळते.